प्रत्येक फिट पुढच्या फिटला वाट करून देते का?

पत्र

डॉक्टर, नमस्कार.

आम्ही सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतो. मुलगा १७ वर्षांचा, बारावी सायन्सला आहे. दीड वर्षाचा असताना त्याला तापात फिट आली होती. रात्रीची वेळ, गाडी मिळेना. इंजेक्शन मिळेपर्यंत अर्धा तास तरी फिट चालूच होती. त्यानंतर इतकी वर्षं काही नाही. मागच्या दिवाळीपासून तो अधूनमधून म्हणायचा, पोटातून काहीतरी वर चढतं आणि उगीच भीती वाटते. आम्ही ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. कधी जेवता जेवता थांबायचा, ओठ चाटत बसायचा, डाव्या हातानं शर्टाच्या बटणाशी चाळा करायचा. हाक मारली तरी ओ नाही. मिनिटभरानं "काय गं?" म्हणायचा. मोबाइल बघून लक्ष उडालंय म्हणून मी ओरडायचे. जूनमध्ये पहाटे झोपेत मोठी फिट आली. पुण्यात एमआरआय केला, त्यात 'लेफ्ट मेझियल टेम्पोरल स्क्लेरोसिस' निघालं. फिटसाठी लेव्हेटिरासिटामची गोळी सुरू आहे. तीन महिने फिट नाही, पण पोरगा भयंकर चिडचिडा झालाय.

नणंद म्हणते, प्रत्येक फिटनं मेंदूला फिटची वहिवाट पडत जाते. तुम्ही सात-आठ महिने अंगावर काढलंत म्हणून आजार पक्का झाला. हे खरं आहे का? आणि सासूबाई म्हणतात, फिट थांबल्यात, आता गोळ्या बंद करा, पुढं लग्नाला अडचण नको. मी काय करू?

— एक आई

उत्तर

ताई,

नणंदबाईंचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. न्यूरॉलॉजीतला तो जुना वाद आहे, आणि तो अजून पुरता मिटलेला नाही. पण त्याचा जो अर्थ त्यांनी तुमच्या घराला लावला, तो चुकीचा आहे. ते सात-आठ महिने तुम्ही ज्याला ॲसिडिटी आणि बेलक्ष म्हणत होतात, त्या फिटच होत्या. त्यांनी आजार तयार केला नाही. आजार आधीच तयार होता आणि त्या प्रसंगांतून तो पहिल्यांदा बाहेर दिसला.

पोटातून गोळा वर चढणं, कारण नसताना धस्स होणं, मग नजर हरवणं, ओठ चाटणं, हाताचा चाळा, आणि शेवटी काहीच न आठवणं, हा टेम्पोरल लोबमधल्या, म्हणजे मेंदूच्या कानाजवळच्या भागातल्या, फिटचा अगदी ठरलेला क्रम आहे. डाव्या हाताचा चाळा आणि डाव्या बाजूचा एमआरआय हेही एकमेकांना धरून आहे, कारण या फिटमध्ये चाळा बहुधा बिघाडाच्याच बाजूच्या हातानं होतो. तुम्ही इतकं नेमकं पाहिलंत, ते डॉक्टरांना जरूर सांगा. माझ्याकडे अशी तक्रार घेऊन येणारे बरेचजण आधी पोटाच्या डॉक्टरांकडे जाऊन, दुर्बिणीची तपासणी करून आलेले असतात. तुम्हाला ओळखता आलं नाही यात नवल नाही.

आता वहिवाटीबद्दल. ही कल्पना मांडली लंडनच्या विल्यम गॉवर्स यांनी, १८८१ साली. एकेक झटका पुढच्या झटक्याला पोषक जमीन करून ठेवतो, असं त्यांचं निरीक्षण होतं. पण त्या काळी औषध म्हणजे ब्रोमाइड, आणि गॉवर्स यांच्यासारख्या मोठ्या डॉक्टरपर्यंत पोहोचत ते वारंवार फिट येणारे, जुनाट रुग्ण. ज्याला आयुष्यात एक-दोनदाच फिट आली तो त्यांच्या वहीत यायचाच कशाला?

पुढे १९६० च्या दशकात कॅनडात ग्रॅहम गॉडर्ड यांनी उंदरांवर प्रयोग केले. उंदराच्या मेंदूतल्या अमिग्डाला या भागात रोज थोडीशी वीज सोडायची. सुरुवातीला उंदीर ढिम्म. तीच वीज, तेवढीच, रोज देत राहिलं की हळूहळू प्रतिसाद वाढतो, आणि साधारण दोन आठवड्यांत पूर्ण झटका येऊ लागतो. मध्ये कित्येक आठवडे थांबलं तरी ही सवय जात नाही. या प्रकाराला 'किंडलिंग' म्हणतात. नणंदबाईंनी वाचलेल्या मजकुराचं मूळ बहुधा इथंच आहे. उंदराच्या बाबतीत वहिवाट पडते हे खरंच. पण त्या उंदरांना वीज न देता, आपोआप फिट यायला लागायच्या तर प्रयोग फार लांबवावा लागतो, आणि माकडांमध्ये हे सगळं उंदरांपेक्षा कितीतरी जड जातं. माणसात ते तसंच घडतं असं आजवर कुणाला दाखवता आलेलं नाही.

उलट दिशेचे पुरावे मात्र भरपूर आहेत. मनोविकारांवर देतात ती शॉक ट्रीटमेंट घ्या. तिथे भूल देऊन मुद्दाम फिट आणतात, आठवड्यातून दोन-तीनदा, बहुतेकदा सहा ते बारा वेळा. वहिवाट पडत असती तर या रुग्णांना मिरगी जडायला हवी होती. तसं होत नाही. उपचार जसजसा पुढे सरकतो तसतशी फिट आणायला जास्तच वीज लागते. किंवा शाळकरी वयातली रोलँडिक एपिलेप्सी घ्या. रात्री झोपेत एका बाजूचं तोंड ओढलं जातं, लाळ गळते, बोलता येत नाही. काही मुलांना असे पुष्कळ झटके येतात, आणि पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत जवळजवळ सगळ्यांचे आपोआप थांबतात. एक साधी फिट एक ते तीन मिनिटांत आटोपते, कारण मेंदूकडे ती थांबवायची स्वतःची व्यवस्था असते. तीच बहुतेक वेळा जिंकते.

तरीही आकडे पाहिले की मनात पाल चुकचुकते. अमेरिकेत हाउझर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये छापलेल्या पाहणीत, ताप वगैरे तात्कालिक कारण नसताना एक फिट आली तर पाच वर्षांत पुन्हा येण्याची शक्यता ३३ टक्के निघाली. दुसरी आल्यावर तिसरीची शक्यता ७३ टक्के. एवढी मोठी उडी पाहून कुणालाही वाटेल की दुसऱ्या फिटनं काहीतरी बिघडवलं. पण तसं असतं तर तिसरीनंतर आकडा आणखी बराच चढायला हवा होता, आणि तो निघाला ७६. म्हणजे दुसरी फिट धोका वाढवत नाही, कुणाच्या मेंदूत तो मुळातच आहे हे वेगळं काढून दाखवते. दोन फिट येईपर्यंत 'एपिलेप्सी' हे निदान शक्यतो करत नाहीत त्यामागे हेच गणित आहे. अलीकडच्या, म्हणजे २०१४ च्या व्याख्येप्रमाणे एमआरआयवर ठळक कारण दिसत असेल तर एका फिटवरही निदान करता येतं.

"लवकर औषध दिलं असतं तर?" या प्रश्नाचं उत्तर शोधायला ब्रिटनमधून एक मोठा अभ्यास झाला, तो २००५ साली प्रसिद्ध झाला. चौदाशेहून जास्त रुग्ण होते. अर्ध्यांना लगेच औषध, बाकीच्यांना थांबून, गरज पडली तर. लगेच औषध घेणाऱ्यांना पहिल्या दोन वर्षांत फिट कमी आल्या. पण पुढच्या काळात, तीन ते पाच वर्षांच्या टप्प्यात, फिटमुक्त असलेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच होतं, ७६ आणि ७७ टक्के. त्याआधी केनियात १९९१ मध्ये, वर्षानुवर्षं काहीच औषध न मिळालेल्या लोकांवर उपचार केले तेव्हा निम्म्याहून अधिकांच्या फिट वर्षभरात थांबल्या. आधी किती काळ आणि किती वेळा फिट आल्या होत्या यानं फारसा फरक पडला नाही.

दुसरी बाजू लपवून ठेवत नाही. ग्लासगोच्या क्वान आणि ब्रॉडी यांनी २००० साली दाखवलं की उपचाराआधी २० हून जास्त फिट आलेल्यांच्या फिट औषधानं आटोक्यात येणं अवघड जातं. पण ज्यांचा आजार मुळात जोरकस, त्यांनाच तेवढ्या फिट आधी येतात, असाही याचा अर्थ होतो, आणि मला तोच जास्त पटतो. तुम्ही सात-आठ महिने आधी आला असतात तर ती जूनमधली मोठी फिट कदाचित टळली असती, ती टळायलाच हवी होती. पण आजार पक्का व्हायचा थांबला असता असं म्हणायला आधार नाही. आपण देतो त्या गोळ्या फिट दाबतात. आजार घडण्याची आतली प्रक्रिया थांबवणारं औषध आजपर्यंत निघालेलं नाही.

मग हे मेझियल टेम्पोरल स्क्लेरोसिस, म्हणजे टेम्पोरल लोबच्या आतल्या बाजूला पडलेला वण, आलं कुठून? इथे फिटचा दोष निघू शकतो, मात्र दिवाळीनंतरच्या छोट्या फिटचा नाही. संशय आहे तो दीड वर्षाचा असतानाच्या त्या अर्ध्या तासावर.

सहा महिने ते पाच वर्षं या वयात तापात फिट येणं फार सामान्य आहे, शंभरातल्या दोन ते पाच मुलांना येते. त्यातल्या बहुतेकांची फिट पाच-दहा मिनिटांच्या आत थांबते आणि पुढं काही होत नाही. अर्धा तास चाललेल्या फिटची गोष्ट वेगळी. कानाच्या आतल्या बाजूला, मेंदूच्या तळाशी हिप्पोकॅम्पस नावाचा बोटभर भाग असतो. तिथल्या पेशी एकमेकींना पटकन उत्तेजित करतात, आठवणी साठवायच्या कामाला तेच लागतं. फिट थांबतच नाही तेव्हा तिथे ग्लुटामेट हे रसायन सतत ओतलं जातं, पेशींत बेसुमार कॅल्शियम शिरतं आणि काही पेशी मरतात. जगलेल्या पेशींच्या धाग्यांना जुनी जोडणी उरत नाही, मग ते नवे फाटे फोडतात. त्यातले बरेच फाटे वळून शेजारच्या, आपल्यासारख्याच पेशींना जाऊन भिडतात. एक पेशी पेटली की तिचा आवाज फिरून तिच्याच गटात येतो. आवर घालणाऱ्या पेशींचं कामही बिघडलेलं असतं. ही नवी बांधणी वर्षानुवर्षं चालू राहते, बाहेरून काहीही दिसत नाही. तुमच्या मुलाची मधली सगळी वर्षं निवांत गेली ती अशी.

अमेरिकेतल्या एका अभ्यासात अर्धा तास किंवा जास्त वेळ तापाची फिट चाललेल्या मुलांचे एमआरआय लगेचच काढले गेले. साधारण दहांतल्या एकाच्या हिप्पोकॅम्पसला सूज दिसली, आणि त्यातल्या ज्यांचा वर्षभरानंतर पुन्हा एमआरआय झाला त्यांच्यापैकी बऱ्याच जणांत तिथे वण तयार झालेला होता. म्हणजे धोका खरा आहे, पण दहांतल्या नऊ मुलांत तसं काही झालं नाही. शिवाय काही मुलांचा हिप्पोकॅम्पस जन्मतःच किंचित वेगळ्या ठेवणीचा असतो, आणि फिट लांबली ती त्यामुळेच, असंही असू शकतं. तुमच्या मुलात नेमकं काय घडलं ते आता कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. आणि त्या रात्री गाडी मिळत नव्हती, तर तुम्ही आणखी काय करायला हवं होतं?

पुढचं मात्र तुमच्या हातात आहे. फिट पाच मिनिटांपलीकडे जाऊ द्यायची नाही. फिट जितकी लांबते तितके पेशींवरचे, औषध जिथे चिकटतं ते, रिसेप्टर आत ओढले जातात, म्हणून पाचव्या मिनिटाला लागू पडणारं औषध विसाव्या मिनिटाला तितकं लागू पडत नाही. नाकात मारायचा मिडॅझोलामचा स्प्रे मिळतो. पुढच्या भेटीत तुमच्या न्यूरॉलॉजिस्टकडून तो चिठ्ठीवर लिहून घ्या, त्याच्या वजनाप्रमाणे किती फवारे ते विचारून घ्या, आणि डबी घरात कुठे असते ते सगळ्यांना माहीत करून द्या. फिट सुरू झाली की आधी घड्याळ बघायचं. त्याला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ, गळ्याचं बटण मोकळं. तोंडात चमचा, बोट, पाणी काही नाही. कांदा, चप्पल, चावी यांनी फिट थांबत नाही; ती आपापल्या वेळेला थांबते आणि श्रेय चपलेला जातं. पाच मिनिटं झाली की स्प्रे द्या आणि १०८ ला फोन करा. एक संपून तो शुद्धीवर यायच्या आत दुसरी सुरू झाली, तरी तेच करा.

गोळ्या बंद करू नका. सासूबाईंची काळजी मी समजू शकते, पण हिप्पोकॅम्पसवर वण असलेल्या माणसानं तीन महिन्यांत गोळी एकदम सोडणं म्हणजे मोठी फिट, कधी न थांबणारी फिट, ओढवून घेणं. तुम्ही ज्या एकाच गोष्टीला घाबरला आहात, ती यानंच घडण्याची शक्यता सर्वांत जास्त. झोपेत येणाऱ्या मोठ्या फिटमध्ये क्वचित माणूस दगावतोही. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण गोळी चुकवू नये यासाठी घरातल्या मोठ्यांना ते माहीत असायला हवं. गोळी कमी करायचा विचार साधारण दोन वर्षं एकही फिट नसेल तर होतो, तोही हळूहळू, आणि मेझियल टेम्पोरल स्क्लेरोसिसमध्ये पुन्हा फिट सुरू होण्याचं प्रमाण बरंच असल्यामुळे डॉक्टर हात आखडता घेतात.

आणि "तीन महिने फिट नाही" हे तुम्ही सांगताय, तो नाही. मोठी फिट दिसते. पोटातून वर चढणारं ते काहीतरी फक्त त्यालाच कळतं. आई घाबरेल, गाडी शिकू देणार नाहीत, म्हणून पोरं गप्प बसतात. त्याला एकट्याला, न रागावता विचारा. अजून येत असेल तर फिट थांबलेल्या नाहीत, आणि डोस त्या हिशोबानं बदलावा लागतो.

चिडचिड गोळीचीच असण्याची दाट शक्यता आहे. लेव्हेटिरासिटामचा तो माहीत असलेला दुष्परिणाम आहे, वयाचा किंवा बारावीचा दोष म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना फोन करून स्पष्ट सांगा: कधीपासून, किती, वस्तू फेकतो का, झोप कशी आहे. या प्रकारच्या फिटवर लॅमोट्रिजिन, ऑक्सकार्बाझेपिन अशी दुसरी औषधं आहेत, आणि एकावरून दुसऱ्यावर टप्प्याटप्प्यानं जाता येतं. तो उदास राहत असेल, जगण्यात अर्थ नाही असं काही बोलला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी दाखवा.

आणखी एक गोष्ट घरात कुणी काढली नसेल ती मीच काढते. योग्य निवडलेली दोन औषधं, पुरेशा डोसमध्ये घेऊनही फिट येत राहिल्या, तर तिसऱ्या-चौथ्या गोळीच्या मागे वर्षं घालवू नका. क्वान आणि ब्रॉडी यांच्याच अभ्यासात पहिल्या औषधानं ४७ टक्के फिटमुक्त झाले, दुसऱ्यानं आणखी १३ टक्के, आणि तिसऱ्या एकट्या औषधानं फक्त एक टक्का. मेझियल टेम्पोरल स्क्लेरोसिस हा शस्त्रक्रियेला सगळ्यांत चांगला प्रतिसाद देणारा प्रकार आहे. कॅनडात २००१ साली टेम्पोरल लोबच्या अशा रुग्णांमध्ये चिठ्ठ्या टाकून तुलना केली. शुद्ध हरपवणाऱ्या फिट वर्षभर अजिबात न आलेले शस्त्रक्रियेच्या गटात ५८ टक्के होते, नुसत्या गोळ्यांच्या गटात ८ टक्के. त्रिवेंद्रमच्या श्रीचित्रा संस्थेत ही शस्त्रक्रिया १९९५ पासून होते, मुंबई-पुण्यातही होते. डावी बाजू असल्यामुळे भाषा आणि शब्दांची स्मरणशक्ती आधी नीट तपासावी लागते, व्हिडिओ ईईजी, म्हणजे चित्रण करता करता मेंदूतल्या विजेची नोंद, करावा लागतो. आत्ता त्याची वेळ आलेली नाही. पण मेंदूचं ऑपरेशन म्हटल्यावर कानावर हात ठेवणारे आणि वीस वर्षं फिट काढून मग येणारे इतके पाहिलेत, की शब्द तरी आधीच कानावरून गेलेला बरा.

रात्रीची जागरणं बंद, हे बारावीच्या घरात सांगणं अवघड आहे, तरी सांगते. झोप कमी पडली की फिट येते, गोळी चालू असली तरी. पहाटे अलार्म लावून अभ्यास करायचा असेल तर रात्री दहाला दिवा बंद. विहिरीत, नदीत पोहणं सध्या नको. न्हाणीघराची कडी आतून लावायची नाही, आणि गाडी शिकायचा विषय डॉक्टर म्हणतील तोवर बाजूला.

लग्नाचं सासूबाईंना सांगा: पूर्वी मिरगी असलेल्याचं लग्न त्या कारणावरून रद्द ठरवता येत असे, पण १९९९ साली हिंदू विवाह कायद्यातून आणि विशेष विवाह कायद्यातून तो उल्लेखच काढून टाकला. पुढच्या माणसापासून लपवू नये एवढं मात्र खरं, आणि ते सगळं सात-आठ वर्षांनी. आत्ता कॉलेजात वर्गशिक्षकांना आणि त्याच्या शेजारी बसणाऱ्या एका मित्राला सांगून ठेवा. मुलाला विचारून सांगा, त्याच्या पाठीमागे नको. कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही आणि घड्याळ बघायचं, एवढं त्या दोघांना माहीत असलं तरी काम भागतं.